‘कम्युनिटी’वाला ऑनलाइन कोर्स घेण्याआधी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करत मी गेली काही वर्षं ऑनलाइन शिकतो आहे. रविवारी गावच्या वाचनालयात बसलो की पोरंपोरी मोबाईल पुढे करतात आणि विचारतात, "दादा, हा कोर्स घेऊ का?" हल्ली त्या जाहिरातींत एक शब्द हमखास ठळक असतो: कम्युनिटी. एकटे शिकू नका, हजारोंच्या सोबतीनं शिका.

कल्पना खरी आहे आणि जुनीही. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातून जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी असाच एक कोर्स चालवला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसेक होते, फुकट सामील झालेले दोन हजारांवर. शिकणाऱ्यांनी एकमेकांचं लिखाण वाचायचं, त्यावर बोलायचं, हाच त्या कोर्सचा गाभा होता. आपल्या भागाला तर याची गरज जास्त आहे. जांबोटीकडच्या एखाद्या गावात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी मुलगी एकटीच असते. अडलं तर तिनं विचारायचं कुणाला?

म्हणूनच समूहाच्या नावावर फी मागितली जात असेल, तर तपासायचा तो समूह. लोक मात्र डेमो व्हिडिओ बघून पैसे भरतात. चांगले व्हिडिओ यूट्यूबवर फुकट पडलेले आहेत. आपण पैसे मोजतो ते अडल्यावर मिळणाऱ्या उत्तराचे. ते उत्तर मिळतं का, हे पैसे भरण्याआधी कसं बघायचं ते क्रमानं सांगतो.

१. कागद हवा की काम यायला हवं, ते आधी ठरवा

कॉलेजचे क्रेडिट किंवा अर्जाला जोडायचं प्रमाणपत्र हवं असेल, तर खाजगी प्लॅटफॉर्मच्या आधी स्वयम हे सरकारी ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ बघा. केंद्र सरकारनं ते २०१७ साली सुरू केलं. त्यावरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या उपक्रमाचे, कोर्स शिकायला फुकट आहेत. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची तर १००० रुपये भरून केंद्रावर जावं लागतं. गुणांमध्ये असाइनमेंटचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ टक्के धरतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घेता येतात, पण तुमच्या विद्यापीठानं तो कोर्स मान्य केलेला असावा लागतो. व्हीटीयू असो की राणी चन्नम्मा विद्यापीठ, नोंदणीच्या आधीच कॉलेजातल्या समन्वयकाला गाठा. खाजगी प्लॅटफॉर्मवर ‘डिग्री’ असा शब्द दिसला, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या चालू वर्षाच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव सापडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

हाताला काम यायला हवं असेल, म्हणजे एक्सेल, टॅली, कॅड, वेब डिझाइन असं काही, तर प्रमाणपत्राच्या सोनेरी कडेकडे बघू नका. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला गेलात की मालक सरळ फाइल उघडून देतो आणि म्हणतो, "ह्या महिन्याचा स्टॉक लावून दाखव." तिथं उपयोगी पडतो तो लोकांसमोर चुका करून, त्या दुरुस्त करून झालेला सराव. पुढचं सगळं मुख्यतः अशांसाठी आहे.

२. जवळ ठेवायच्या गोष्टी

- आधार कार्ड आणि एसएसएलसीचं मार्क्सकार्ड
- कोर्सपुरता वेगळा ईमेल पत्ता
- पगार जमा होत नाही असं, थोडीच शिल्लक असलेलं बँक खातं
- स्क्रीनशॉट ठेवायला मोबाईलमध्ये एक वेगळा फोल्डर
- कॉम्प्युटर, निदान आठवड्यातून तीनचार तास कुणाचा तरी मिळेल अशी सोय

मार्क्सकार्ड कशाला, असं वाटेल. आपल्याकडे त्यावर नाव बऱ्याचदा आद्याक्षरांसह असतं, आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण असतं आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. प्लॅटफॉर्म नाव आणि आडनाव एवढंच विचारतो आणि तेच प्रमाणपत्रावर छापतो. नोकरीच्या कागदांत जे नाव पुढे चालवायचं आहे, ते पहिल्या दिवशी अक्षर न् अक्षर तसंच भरा. नंतर दुरुस्ती करून घ्यायला फार खेटे पडतात.

३. समूह बसतो कुठे, ते बघा

‘कम्युनिटी’ म्हणून दाखवतात ती कधी टेलिग्राम चॅनेल असते. चॅनेलवर फक्त चालवणारा लिहितो, बाकीच्यांनी वाचायचं आणि अंगठा दाखवायचा. तीस हजार सभासद असले तरी तिथं शिकणारे एकमेकांशी बोलतच नाहीत. चॅनेल आहे की ग्रुप, हे लिहायची चौकट दिसते का यावरून लगेच कळतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर दोन अडचणी. तुमचा नंबर सगळ्या अनोळखी सभासदांना दिसतो. शिवाय प्रश्न वाहून जातो: सकाळी विचारलेल्यावर दुपारी शंभर ‘गुड मॉर्निंग’ चढलेले असतात आणि महिन्याभरानं तेच उत्तर शोधायला गेलात तर हाती लागत नाही. डिस्कॉर्ड हे गटचर्चेचं ॲप किंवा प्लॅटफॉर्मचीच स्वतंत्र चर्चेची जागा असेल, जिथं प्रत्येक प्रश्नाखाली त्याची उत्तरं राहतात आणि शोध घेता येतो, तर ती सर्वांत बरी. आपल्यासारखं नेट जात-येत असलेल्यांना हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपण उत्तर येईल तेव्हा तिथं हजर असूच असं नाही.

सभासदांच्या आकड्यावर जाऊ नका. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या फुकट कोर्सला दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव घातलं होतं. शेवटपर्यंत पोचले ते त्यातले थोडेच. नाव घालणं आणि टिकणं यांत फार अंतर असतं.

४. आठवडाभर नुसतं वाचा

यात आळस करू नका. फुकट चाचणी, डेमो बॅच, पाहुणा म्हणून प्रवेश, जे मिळेल ते घ्या आणि व्हिडिओ न उघडता फक्त चर्चा वाचा. तसं काहीच मिळत नसेल, तर कोर्स विकायला फोन करणाऱ्या सल्लागाराला विचारा: "मागच्या बॅचची एका आठवड्याची चर्चा बघायला मिळेल का?" बरे लोक नावं झाकून दाखवतात.

काय वाचायचं, ते एका उदाहरणावरून सांगतो. एक्सेलच्या एका समूहात एका मुलीनं रात्री लिहिलं होतं: व्हीलुकअप (एका शीटमधला कोड दुसरीत शोधणारं सूत्र) लावलंय, कोड दोन्ही शीटमध्ये तोच दिसतोय, तरी एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’, येतंय. पहिलं उत्तर आलं ते दुसऱ्या शिकणाऱ्याचं: "कोडच्या सेलच्या डाव्या कोपऱ्यात बारीक हिरवा त्रिकोण दिसतो का?" दिसत होता. म्हणजे एका शीटमध्ये कोड आकडा म्हणून होता आणि दुसरीत मजकूर म्हणून; डोळ्यांना दोन्ही सारखे, एक्सेलला वेगळे. तिनं आकड्यात बदलून घेतलं, बरेचसे जुळले, काही राहिले. मग तिसऱ्यानं सांगितलं की उरलेल्यांच्या मागे मोकळी जागा असेल, ट्रिम वापरून बघा. दुसऱ्या दिवशी मुलीनं परत येऊन लिहिलं: झालं, आणि काय केलं ते असं. शेवटी शिक्षकानं येऊन एवढंच सांगितलं की बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फायलींत हे नेहमी होतं, म्हणून आधी डेटा साफ करा, मग सूत्र लावा.

या एवढ्याशा चर्चेत चांगल्या समूहाच्या चारही खुणा आहेत. उत्तर देणाऱ्यानं आधी उलट प्रश्न विचारला. शिकणारेच शिकणाऱ्यांना उत्तर देत होते. विचारणारी परत आली. आणि शिक्षक शेवटी का होईना, आला. दुसरीकडे असाच प्रश्न पडला की "व्हिडिओ १४ पुन्हा बघा", "डीएम करा" किंवा "आमच्या ॲडव्हान्स बॅचमध्ये हे शिकवतो" असली उत्तरं दिसतील. विशेषतः ‘डीएम करा’ वारंवार दिसलं तर सावध व्हा. उत्तर खाजगीत गेलं की बाकीच्यांचं शिकणं थांबलं.

वहीत तीन गोष्टी टिपा: आठवड्यात किती प्रश्न पडले, त्यांतले किती अनुत्तरित राहिले आणि उत्तरं देणारी नावं किती वेगवेगळी. सगळी उत्तरं दोनच माणसं देत असतील आणि ती दोघं पगारी असतील, तर तो मदतकक्ष झाला. मदतकक्षही वाईट नव्हे, पण मग समूहाची फी कशाला?

चांगला समूह कसा असतो याची पारख फुकटात होते. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल हे व्हिडिओ धडे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत आहेत, लिब्रऑफिसपासून पायथनपर्यंत, आणि त्यांच्या प्रश्नमंचावर मिनिट-सेकंदाचा हवाला देऊन प्रश्न विचारतात. इंग्रजी जमत असेल तर फुकट कोडिंग शिकवणाऱ्या फ्रीकोडकॅम्पचा मंच बघा. तिथं आयतं उत्तर न देता इशारा देण्याची पद्धत आहे. हे दोन बघून झाले की पैशांच्या समूहात काय नाही, ते आपोआप डोळ्यात भरतं.

५. एक खरा प्रश्न टाका

आता स्वतः विचारा, आणि खरोखर अडलेलं विचारा. काय करायचं होतं, काय केलं, काय दिसलं, हे तीन ओळींत लिहून स्क्रीनशॉट जोडा. गुरुवारी-शुक्रवारी रात्री विचारा म्हणजे शनिवार-रविवारीही कुणी असतं का ते कळेल. नोकरी करून शिकणाऱ्याला तेच दोन दिवस मिळतात.

दोन दिवसांत कामाचं उत्तर आलं तर ठीक. उत्तराआधी सल्लागाराचा फोन आला तर तुमचा प्रश्न विक्री विभागाकडे गेलाय असं समजा. प्रश्न मोडक्या इंग्रजीत किंवा मराठीत लिहिल्यावर कुणी हसतं का, आणि हसलं तर चालवणारे त्याला आवरतात का, हेही बघा. मराठी माध्यमातून आलेली आपली पोरं याच धाकानं गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्याला समूहातून काही मिळत नाही.

६. एकमेकांचं काम कसं तपासतात, ते विचारा

अशा कोर्समध्ये बऱ्याचदा तुमची असाइनमेंट दुसरे शिकणारे तपासतात आणि तुम्ही त्यांची. पद्धत उत्तम आहे. दुसऱ्याची चूक शोधताना आपली नजर तयार होते. पण गुण कशाला द्यायचे याचे निकष लेखी हवेत, एका कामाला निदान दोनतीन तपासणारे हवेत आणि निकाल पटला नाही तर शिक्षकाकडे दाद मागायची सोय हवी. नमुन्यादाखल तपासलेलं एक काम मागून घ्या. ‘नाइस वर्क’ एवढाच शेरा असेल तर तिथं तपासणी होत नाही.

७. भाषेपुरतं थांबू नका, राज्यही बघा

मराठीतून बोलणारा समूह सापडला की आपल्याला हायसं वाटतं, आणि वाटावंच. पण असे समूह बहुतेक पुण्या-मुंबईकडचे असतात आणि तिथले सल्ले महाराष्ट्र गृहीत धरून येतात. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करा, असं कुणी मनापासून सांगतं. कर्नाटकात शिकणाऱ्याला राज्याच्या एसएसपी पोर्टलवर जावं लागतं. पगारपत्रकाच्या कोर्समध्ये व्यवसाय कराचे टप्पे महाराष्ट्राचे शिकवतात, तर बेळगावातल्या कारखान्याला कर्नाटकाचे लागतात. म्हणून हिशेब, पगार, कर, जमिनीचे कागद असा विषय असेल तर आधीच विचारा: कर्नाटकाची उदाहरणं आहेत का, आणि समूहात कर्नाटकातले किती जण आहेत?

कन्नड बोलणारे सोबती मिळाले तर सोडू नका. चिकोडी, गोकाक, बैलहोंगलची पोरं त्याच कोर्सला असतात, त्याच कंपन्यांत अर्ज करतात. त्यांच्याबरोबर सराव केला की विषयही पक्का होतो आणि कामापुरती कन्नडही सुधारते.

८. वेळ, वीज, नेट

थेट वर्गांवर चालणारा कोर्स असेल तर वेळापत्रक लेखी मागा. सेकंड शिफ्टला असणाऱ्याला रात्री आठचा वर्ग काय कामाचा? रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, उतरवून घेता येतं का, आणि थेट वर्ग चुकला तर त्यावरची चर्चा नंतर लिहून करता येते का, हे तिन्ही प्रश्न विचारा. तासाभराच्या गट व्हिडिओ कॉलला दर्जाप्रमाणे अर्धा ते दीड जीबी जातो; रोजच्या पॅकमध्ये ते बसतं का बघा. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज आणि टॉवर दोन्हींचा भरवसा नसतो. तिकडच्यांनी जून ते सप्टेंबर थेट बॅच टाळून लिखित चर्चेचा कोर्स निवडावा. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मोठी असाइनमेंट येत नाही ना, तेही वेळापत्रकात पाहून घ्या.

९. पैसे

फी विचारताना "जीएसटी धरून किती?" असंच विचारा, १८ टक्के वर लागतात. "आज रात्री बारापर्यंतच सवलत" असं म्हणाले तर दोन दिवस थांबा. खोटी घाई दाखवणं हा प्रकार केंद्राच्या २०२३च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये गैर ठरवलेला आहे. ‘१०० टक्के नोकरी’ची हमी देणाऱ्या कोचिंगवाल्यांच्या जाहिरातींवरही २०२४च्या सूचनांनी बंदी आणली आहे. अशी हमी दिसली की मी पुढचं वाचत नाही.

सर्वांत मोठा सापळा ‘नो कॉस्ट ईएमआय’चा, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचा. निपाणीकडच्या एका मुलाला फोनवर सांगितलं, "हप्त्यात भरा, आवडलं नाही तर सोडा," आणि बोलता बोलता त्याच्याकडून ओटीपी घेतला. ते त्याच्या नावावरचं कर्ज होतं. कोर्स त्यानं तीन आठवड्यांत सोडला, हप्ते सुटले नाहीत. कर्ज देणारी संस्था आणि कोर्सवाला वेगळे असतात. कोर्स बंद पडला तरी संस्था तुमच्याकडेच मागते, आणि थकलं तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतं. म्हणून ओटीपी देण्याआधी कर्ज कुणाचं आहे ते नावानिशी विचारा आणि कर्जाचा मुख्य तपशील सांगणारा कागद मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो, आणि ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येतं ती मुदतही त्यात असते.

महिन्याच्या वर्गणीला ऑटोपे लावू नका. शिक्षण मंत्रालयानंही डिसेंबर २०२१च्या सूचनेत आपोआप पैसे कापले जाण्याची सोय टाळायला सांगितलं होतं. लावलंच असेल तर कापायच्या चोवीस तास आधी संदेश येतो, तो वाचा आणि नको असेल तर बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन बंद करा.

परताव्याची अट संकेतस्थळावर वाचा, सल्लागाराच्या तोंडून ऐकू नका. ‘सात दिवसांत परत’ हे पैसे भरल्यापासून की बॅच सुरू झाल्यापासून? बॅच दहा दिवसांनी सुरू होत असेल तर त्या वाक्याला अर्थ उरत नाही. फोनवर जे कबूल केलं, ते ईमेलवर लिहून मागा: "आपलं असं बोलणं झालं, बरोबर आहे का ते कळवा."

१०. घरातल्या मुलामुलींसाठी

अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती हवी, असं २०२३चा डेटा संरक्षण कायदा सांगतो. कायद्याच्या पलीकडे, समूहात खाजगी संदेश बंद ठेवता येतात का आणि त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची, ते नाव विचारा. समूहाचे नियम लिहिलेले नसतील तर मुलीला तिथं फोन नंबर देऊ देऊ नका. घरच्यांनी कोर्सच बंद करण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून एका समूहात जाणं बरं. वडगाव-येळ्ळूरकडच्या मुली असं करतात, आणि त्या टिकतातही जास्त.

११. बिनसलं तर

आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असायला हवा, त्यानं ४८ तासांत पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात निवारण करायला हवं. तेवढ्यात झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. ओटीपी फसवून घेतला असेल तर वेळ न घालवता १९३०.

तरीही हाललं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळूरची असो की गुरुग्रामची, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीला जोडायचं ते असं: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, परताव्याच्या अटींचं पान, ईमेलचा पत्रव्यवहार आणि समूहात अनुत्तरित राहिलेल्या तुमच्या प्रश्नांचे तारखेसकट स्क्रीनशॉट. हे शेवटचे स्क्रीनशॉट तक्रारीचा ईमेल पाठवण्याच्या आधीच काढून ठेवा, कारण तक्रार पोचली की बऱ्याचदा समूहातून काढतात आणि मग आत काय होतं ते तुम्हाला दाखवता येत नाही.